अनुभव धागा : वडिलांची-आजोबांची बाकी

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, दापोली डेपोला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. परवा माळा आवरताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. वर खाकीचा एक जोड, खाली बिल्ला, आणि त्याखाली एक जाड पाकीट. त्यावर त्यांच्या अक्षरात 'लोकांची बाकी'.

सुटे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो, हे एसटीनं फिरलेल्यांना सांगायला नको. उतरायच्या घाईत ती मागायची राहून जाते. तो माणूस पुन्हा गाडीत दिसला की बाबा आठवणीनं पैसे हातावर ठेवायचे. जे पुन्हा भेटलेच नाहीत, त्यांचे या पाकिटात होते. प्रत्येक नाण्याला चिठ्ठी गुंडाळलेली. 'आंजर्ले, काठीवाल्या आजी, ५.' 'हर्णै, शाळेची मुलगी, २.' 'खेड, मुंबईवाले, १०.' एकूण ८३ रुपये निघाले. (घरी भाजी आणल्यावर उरलेले सुटे मात्र या माणसानं कधी आईला परत दिले नाहीत. ती अजून त्यावरून चिडते.)

या पैशांचं काय करावं ते सुचत नाहीये. तुमच्याकडे तुमच्या वडिलांचं, आजोबांचं काय राहिलंय तेही लिहा. वस्तूच हवी असं नाही.

*

वस्तू काहीच नाही. आजोबा लालबागला कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. सगळे माग एकदम चालू असले की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू यायचं नाही, म्हणून साचेवाले एकमेकांचे ओठ वाचायचे. त्यात कान गेले ते गेलेच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, त्यांच्यावर फार भरवसा. 'डॉक्टर दोन महिन्यांत मिटवतील' असं म्हणत गावी पाटणला आले, ते कायमचेच. पुढे कितीतरी वर्षं सकाळच्या पाळीच्या वेळेला दचकून उठायचे.

ओठ वाचायला त्यांनी मलाही शिकवलं. देवळात आम्ही दोघं अख्खं कीर्तन बिनआवाजी बोलत बसायचो. बुवांच्या पोटावर शेरे मारायचे, आणि चेहरा असा की अभंगात बुडालेत. एकदा चावडीपलीकडे दोघांत चाललेला जमिनीचा सौदा त्यांनी पारावर बसल्या बसल्या मला भावासकट सांगितला होता.

शेवटी अतिदक्षता विभागात होते. आत सोडत नव्हते. काचेबाहेरून सगळे हात हलवत होते, आत्या रडत होती. आजोबांनी मान वळवून मला हुडकलं आणि ओठ हलवले. सगळे माझ्यामागे लागले, काय म्हणाले, काय म्हणाले? म्हणाले होते, 'आत्याला चहा पाज, सकाळपासून उपाशी आहे.' आत्याला अजूनही वाटतं की ते मी पदरचं सांगितलं.

*

गॅसचं कार्ड अजून पप्पांच्याच नावावर आहे. सिलिंडर आला की ओटीपी त्यांच्या जुन्या फोनवर येतो. आणणारा दादा दारातून ओरडतो, "साहेबांचा नंबर सांगा!" मृत्यूचा दाखला आणि बाकीचे कागद दिले की नाव बदलतं, मला माहीत आहे. फोन चार्जिंगला लावते आणि गप्प बसते.

*

आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक. नोव्हेंबर लागला की इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी घालून हयातीचा दाखला द्यायला बँकेत निघायचे. "जिवंत आहे असं सांगून येतो गं," हा दरवर्षीचा विनोद. आई दरवर्षी "काहीतरीच बोलू नका" म्हणायची. आता घरबसल्या मोबाइलवरून होतं, असं मी सांगून पाहिलं. पण मग रांगेतले जुने सहकारी कुठे भेटणार? कोण आलं नाही, हेही तिथेच कळायचं.

अण्णा गणपतीनंतर गेले. पुढच्या वर्षीपासून निवृत्तिवेतन आईच्या नावावर, म्हणजे दाखला तिचा. सकाळी नवी साडी नेसून ती पर्स धरून तासभर खुर्चीत बसून होती. म्हणाली, "तिथं जाऊन मी काय सांगायचं?" त्या दिवशी आम्ही गेलोच नाही. चार दिवसांनी गेलो.

*

पहिल्या आठवणीतल्या ताई की दादा, मी हर्णैची. दापोलीला शाळेत एसटीनंच जायचे. 'शाळेची मुलगी' मी असेन असं नाही, गाडी भरून होतो आम्ही. पण दोन रुपये बुडाले म्हणून मी एकदा घरी मार खाल्लाय हे नक्की. कंडक्टरकाकांनी दुसऱ्या दिवशी नक्की हाक मारली असेल, पण मला ताप होता, आठवडाभर गेलेच नाही.

पैसे राहू देत पाकिटात. चिठ्ठीचा फोटो तेवढा पाठवाल का? अक्षर बघायचंय.