दारातलं कोरियन मिनिमल: खरंच शांत की नुसता बेज रंग?

वाकडकर: रिनोव्हेशन चालूये. आमच्या टू बीएचकेचं दार उघडलं की समोर थेट सोफा, दाराआड चपलांचा ढीग, हेल्मेट, ओल्या छत्र्या, महिनाभराचे कुरियरचे खोके. बायकोने कोरियन फ्लॅट्सचे व्हिडिओ दाखवले आणि मी पार प्रेमातच पडलो. दारातल्या त्या जागेला तिकडे ह्यॉनग्वान म्हणतात, तिथली फरशी घरापेक्षा जरा खाली, एका बाजूला छतापर्यंत बंद कपाट, तेही जमिनीपासून वीतभर वर, त्याखाली रोजच्या चपला आणि मंद लाइट. बास. तोरण, गणपतीची टाइल, किल्ल्यांचा स्टँड सगळं काढायचं म्हणतोय. आईचं तोंड फुगलंय. काय करू?

उंबरठा: आईचं बरोबर आहे. दवाखान्यात शिरल्यासारखं वाटणार असेल तर कसली डोंबलाची शांतता? आणि जुलैत ओले फ्लोटर्स बंद कपाटात ठेवून बघ, चार दिवसांत पांढरी बुरशी आणि हॉलभर कुबट वास. आमच्या चपला दाराबाहेरच असतात, काही बिघडलं नाही आजवर.

वाकडकर: बाहेर ठेवल्या की सोसायटीची नोटीस येते हो, पॅसेज मोकळा ठेवा म्हणून.

सुवोनहून: मी ६ वर्षं इथे कोरियात राहतेय, तुम्हा दोघांनाही थोडं सुनावते. ती पायरी दिसायला छान म्हणून नसते. इथे फरशीखालून गरम पाण्याचे पाइप असतात, ओन्दोल म्हणतात त्याला, लोक त्याच फरशीवर बसतात, बरेच जण झोपतातही, मग बाहेरची धूळ दारातच थांबवायला नको? व्हिडिओत मध्ये जे काचेचं सरकतं दार दिसतं ना, जुंगमुन, ते जानेवारीत बाहेर उणे १० असतं म्हणून. वाकडला लावशील तर नुसती हवा अडेल. आणि तोरण का काढतोयस? माझ्या घरमालकीणबाईंच्या दारावर आख्खा सुकवलेला मासा टांगलाय, पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला, इडापिडा टळावी म्हणून!! हल्ली तर लाकडाचे नि कापडाचे तसले मासे नवीन घराला भेट देतात. उंबऱ्यावर पाय दिलेलाही इथल्या जुन्या लोकांना खपत नाही.

उंबरठा: घ्या! मासा चालतो आणि आंब्याची पानं म्हणे पसारा.

प्लाय_आणि_खिळे: काकू तोरणाचं मान्य, पण बंद कपाटाला नावं ठेवू नका, उघड्या रॅकवर धूळ किती बसते ते पुसणाऱ्याला विचारा. दाराला लूव्हर घ्या, म्हणजे तिरक्या पट्ट्या, मधे फटी, फळी मागच्या भिंतीला चिकटवू नका, हवा खेळू दे. ओल्या चपला खालच्या मोकळ्या जागेत ट्रेवर, वाळल्याशिवाय वर जायच्या नाहीत. आणि वाकडकर, लेव्हल खाली घ्यायला स्लॅब फोडायच्या भानगडीत पडू नका प्लीज, दारातल्या चार फुटांत खरखरीत गडद फरशी टाका, तिच्या कडेला चपला आपोआप निघतात.

ठाणे_पूर्व: पायरी नकोच. आमचे बाबा ७८ वर्षांचे, अर्ध्या इंचाच्या पट्टीला अडखळतात. एकाही फोटोत बूट घालायला साधं स्टूल नसतं, हे मिनिमल फक्त ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांच्यासाठी.

सुवोनहून: हे मात्र खरं. मी रोज भिंतीला धरून एका पायावर नाचते.

वाकडकर: सुताराला लूव्हर आणि बसायची फळी सांगितली. तोरण राहतंय, आई परत बोलायला लागली. गणपतीची टाइल पण राहील बहुतेक. किल्ल्यांच्या स्टँडवरून बायको अजून अडून बसलीये, त्यावर कृपया कोणी मत देऊ नका.