कॉल येतो, पण मेसेज येत नाही
आपल्या स्मार्ट घड्याळावर कॉल वेळेवर येतात, मेसेज मात्र फोनवर घड्याळाचे ॲप उघडल्यावरच येतात, असे आपण लिहिले आहे; यावरून ब्लूटूथची जोडणी शाबूत असून दोष फोनच्या बॅटरी-बचतीत असावा, असे मला वाटते. २०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून, पडदा बंद करून काही काळ न हलवता ठेवलेला फोन मागे चालणाऱ्या ॲपना झोपवतो आणि घड्याळाकडे मेसेज पोचवणारे ॲपही त्यात सापडू शकते. सांगलीत माझ्या वडिलांच्या फोनवर नेमके हेच झाले होते (विश्रामबागमधील एका दुकानदाराने तर घड्याळच बदलायला सांगितले होते). घड्याळाच्या ॲपवरील बॅटरीचे निर्बंध काढावेत, नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी बंद करून पुन्हा द्यावी आणि फोन रीस्टार्ट करावा. घड्याळ रीसेट करण्याची घाई नको, कारण सिंक न झालेली (फोनमध्ये अजून न उतरलेली) पावलांची नोंद त्यात पुसली जाऊ शकते.