खोकला सगळ्याच बाळांना, पण न्यूमोनियाचा धोका कुणाला जास्त?

आशा_गटप्रवर्तक:
गृहभेटींची यादी करतेय. ताप जास्त असलेलं बाळ आधी बघायचं, असं ठरवलं तर चालेल का?

ग्रामीण_बालरोग:
तापावर जाऊ नका. दोन महिन्यांच्या आतलं, जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असलेलं, दिवस भरायच्या आधी झालेलं किंवा हृदयाला छिद्र असलेलं बाळ सगळ्यात वर घ्या. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर ते अति कुपोषित, तेही वर घ्या. फसगत इथेच होते: अति कुपोषित बाळाच्या अंगात ताकदच नसते, त्यामुळे ताप चढत नाही, श्वासही फारसा वाढत नाही. ते नुसतं मलूल पडतं, दूध सोडतं.

श्वास मोजताना बाळ शांत हवं. झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं की चुकतं, लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा काहीही असो, दवाखान्यात पाठवा.

पोषण_सुपरवायझर:
घरातही नजर टाका. चुलीचा धूर, विडी, एका खोलीत सात-आठ माणसं. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देतात, नाकात तेल सोडतात, आडवं धरून गुटी पाजतात. तेल आणि गुटी सरळ फुप्फुसात उतरू शकते. आजीला न दुखावता, पण स्पष्ट सांगाच.

लसीकरण_एएनएम:
कार्ड मागा. पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस) ६ आणि १४ आठवडे, मग ९ महिने. पेंटा (पाच आजारांची एकत्र लस) ६, १०, १४ आठवडे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर. कुटुंब कामाला बाहेरगावी गेलं की मधलाच डोस सुटतो.

आशा_गटप्रवर्तक:
यादीत ११ महिन्यांचं एक बाळ आहे. खोकला, ताप नाही, श्वास ४८, दंड ११.२. आई म्हणते, कालपासून नीट पीत नाही.

ग्रामीण_बालरोग:
४८ बघून थांबू नका, आत्ताच १०८ बोलवा. वाटेत बाळ आईच्या छातीशी उबेला ठेवा आणि पीत असेल तर थोडं थोडं अंगावर पाजत राहा. अशा बाळाची साखर फार लवकर उतरते. पोचताच बोटाला ऑक्सिमीटर लावायला सांगा. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तर बाहेरून ऑक्सिजन लगेच लागेल.