मदत हवी आहे: जुन्या व्हिक्टरी रिव्हॉल्वरमधून पुंगळ्या फुगून, चिरून निघतायत

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी पुन्हा रेंजवर जायचंय आणि तोवर हे रिव्हॉल्वर सोबत न्यायचं की कपाटातच ठेवायचं ते ठरवायचंय, म्हणून विचारतेय.

मी मूळची साताऱ्याची, गेली १९ वर्षं ओहायोत. जुनी रिव्हॉल्वर जमवायचा आणि ती चालवायचाही नाद आहे. गेल्या महिन्यात एका गन शोमध्ये स्मिथ अँड वेसनचं 'व्हिक्टरी मॉडेल' मिळालं. दुसऱ्या महायुद्धातलं, सहा बारी, पाच इंची नळी, नंबराच्या आधी 'व्ही' अक्षर. विकणारा म्हणाला, ".३८ स्पेशल घाला, बिनधास्त चालतं." घरी .३८ स्पेशलची पेटी होतीच. काडतुसं सिलिंडरमध्ये शेवटपर्यंत व्यवस्थित बसली, म्हणून मीही शंका घेतली नाही.

पंधरा यार्डांवरून १८ बार काढले. पहिल्या सहांनंतरच खटकलं. इजेक्टरचा दांडा नेहमी तळहाताच्या एका ठोक्यात आत जातो आणि पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची रिकामी पितळी कवचं) खळकन खाली पडतात. या वेळी दोन-तीनदा जोर लावावा लागला. प्रत्येक बाराला चेहऱ्यावर बारीक गरम फुंकर आल्यासारखं वाटत होतं. चष्मा काढून पाहिला तर काचेवर काजळी. आणि लक्ष्यावरची भोकं! माझ्या दुसऱ्या स्मिथने याच अंतरावर सहा गोळ्या बशीत मावतात, इथे जेवणाचं ताट पुरलं नसतं.

घरी येऊन सगळ्या पुंगळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदावर मांडल्या. प्रत्येक पुंगळी तळापासून साधारण पाऊण इंचापर्यंत फुगलेली, तिथे अंगठीच्या वळासारखी पायरी, आणि पुढे तोंडापर्यंत पुन्हा सडपातळ. जणू दोन वेगळ्या मापांच्या नळ्या एकमेकींत बसवल्यात. १८ पैकी तिघींना फुगलेल्या भागात उभी चीर गेली आहे, एकीची तर नखाला लागते. कॅलिपर लावला: न उडवलेलं काडतूस तळाजवळ ०.३७९ इंच, उडवलेली पुंगळी ०.३८७.

भिंगाखाली खुणाही पाहिल्या. नळीवर '.३८ एस अँड डब्ल्यू सीटीजी' (सीटीजी म्हणजे कार्ट्रिज, काडतूस) एवढंच आहे. एस अँड डब्ल्यू म्हणजे कंपनीचं नाव, असं मी धरून चालले. नळीवर आणि सिलिंडरवर बारीक ठसे आहेत: '.३८', '.७६७', '३½ टन्स'. शिवाय 'नॉट इंग्लिश मेक' असं ठळक कोरलंय. बुडाला लॅनयार्डची (गळ्यातली दोरी अडकवायची) कडी शाबूत आहे. मुठीच्या लाकडी फळ्या साध्या, गुळगुळीत, नक्षी नसलेल्या. त्या एका सैनिकाच्या हाताने झिजल्यात की चार, कोण जाणे, पण हातात धरलं की बोटं आपोआप जागेवर जातात.

हे रिव्हॉल्वर मला इतकं का हवं होतं, तेही सांगते. आजोबा (आईचे वडील) पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. इटलीत लढले. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, ज्यांना जुलै १९४४ मधल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच पलटणीचे. आजोबांचा एकच फोटो घरी आहे. खाकी पोशाख, कमरेला कॅनव्हासचं झाकणाचं होल्स्टर, गळ्यातून आलेली दोरी होल्स्टरच्या झाकणाखाली शिरलेली. आत काय आहे ते दिसत नाही. लहानपणी मी त्या दोरीवर बोट फिरवायची आणि आजी ओरडायची, काचेवर डाग पडतील म्हणून. ही कडी पाहिली आणि मी भाव करायचीसुद्धा थांबले नाही.

कागदपत्रांचं सगळं ठीक आहे. जुनी, संग्राह्य शस्त्रं घ्यायचा 'क्युरिओ अँड रेलिक' परवाना आहे (तीन वर्षांचे ३० डॉलर), वहीत नोंद केली आहे.

तर प्रश्न असे. ही पुंगळी अशी का फुगते? यात मला किंवा रिव्हॉल्वरला धोका आहे का? आणि धोका असेल तर याच्यासाठी योग्य काडतूस कोणतं? एक मित्र म्हणतो सिलिंडर बदल, दुसरा म्हणतो भिंतीवर टांग. नुसतं टांगायचं माझ्या फार जिवावर येईल.

प्रतिसाद १

ताई, आधी .३८ स्पेशल घालणं थांबवा. चिरलेल्या पुंगळीतून गरम वायू मागे येतो, चष्म्यावरची काजळी त्याचीच. चष्मा होता म्हणून निभावलं. बाकीचं जाणकार सांगतीलच.

प्रतिसाद २

ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. नळीवर 'स्पेशल' हा शब्द नाही ना? तिथेच सगळं आलं.

.३८ एस अँड डब्ल्यू आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत. नावात फसगत होते ती अशी की '.३८ एस अँड डब्ल्यू स्पेशल' हे .३८ स्पेशलचं पूर्ण नाव. पण एस अँड डब्ल्यूची पुंगळी आखूड आणि जाड, साधारण ०.३८६ इंच. स्पेशलची लांब आणि बारीक, ०.३७९. गोळीही वेगळी: एस अँड डब्ल्यूची ०.३६१, स्पेशलची ०.३५८.

ब्रिटिश सरकारने युद्धात ही रिव्हॉल्वर आपल्या आखूड काडतुसासाठी मागवली होती. साडेपाच लाखांहून जास्त नग गेले, बहुतेक पाच इंची नळीचे. अमेरिकी नौदलाने घेतलेले चार इंची आणि .३८ स्पेशलचे. त्यामुळे पाच इंची व्हिक्टरी दिसलं की आधी ब्रिटिश समजायचं. युद्धानंतर ती भंगाराच्या भावात विकली गेली. विकण्याआधी इंग्लंडमध्ये प्रूफ हाउसमधून तपासून घ्यावी लागत, तुमचे ठसे तिथले. '.७६७' म्हणजे मूळ पुंगळीची लांबी इंचांत, '३½ टन्स' म्हणजे दर चौरस इंचाला किती दाब, आणि 'नॉट इंग्लिश मेक' तर स्पष्टच आहे. १९६८ चा गन कंट्रोल अ‍ॅक्ट येईपर्यंत ती अमेरिकेत ढिगाने आली. इथे आखूड काडतुसाला गिऱ्हाईक कमी, म्हणून सिलिंडरची घरं (काडतूस बसायची भोकं) पुढच्या बाजूला रीमरने, म्हणजे भोक वाढवायच्या हत्याराने, लांब केली, की स्पेशल आत बसलंच.

पण मागचा भाग तेवढाच रुंद राहिला. तो कमी कसा करणार? म्हणून पुंगळी मागे फुगते आणि जिथे जुनं घर संपतं तिथे पायरी पडते. तुमची पायरी पाऊण इंचावर आणि ठशावर .७६७. कॅलिपरने मोजून बघा, जुळेल. गोळी नळीपेक्षा बारीक आहे, त्यामुळे नळीतल्या खाचा तिला नीट पकडत नाहीत आणि नेम ताटभर पसरतो.

दाबाचं म्हणाल तर .३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय, .३८ एस अँड डब्ल्यूची १४,५००. सांगाडा दणकट आहे, एका पेटीने फुटणार नाही, पण पितळ दर बाराला ताणलं जातंय आणि एखादी चीर तळापर्यंत गेली तर वायू थेट तुमच्याकडे. प्लस-पीचं (जास्त दाबाच्या काडतुसांचं) तर नावही नको.

चांगली गोष्ट ही की मूळ काडतूस अजूनही त्यात चालतं. घर पुढे लांब केलंय, मागे बिघडवलेलं नाही. .३८ एस अँड डब्ल्यूची पेटी घ्या. सिलिंडर बदलू नका आणि पॉलिश किंवा नवं ब्लूइंग (पोलादावरची निळी-काळी झिलई) अजिबात करू नका. युद्धकाळातली ती करडी, मॅट कांतीच त्याची ओळख आहे, एकदा घासली की गेली. बुडावरचा नंबर सिलिंडरच्या मागच्या चेहऱ्यावर, नळीच्या खालच्या सपाटीवर आणि उजव्या फळीच्या आत जुळतो का बघा. जुळला तर माझ्या मते तुम्ही सौदा चांगलाच केलात.

एक महत्त्वाचं. नंबर 'व्ही'ने सुरू होतो म्हणालात, 'एसव्ही'ने नाही. १९४४ च्या अखेरीस एका नौसैनिकाचा रिव्हॉल्वर पडून सुटलेल्या बारात मृत्यू झाला. घोड्याला अडवणारा जुना अडसर घट्ट झालेल्या ग्रीसमुळे अडकून राहायचा. मग नवा अडसर आला आणि नंबरात 'एस' वाढला. काहींत तो नंतर बसवला, पण तुमच्यात आहे याची जाणत्या गनस्मिथकडून खात्री करून घ्या. आतलं ८० वर्षांचं ग्रीसही त्याच वेळी निघेल. तोवर पाचच काडतुसं भरा, घोड्याखालचं घर रिकामं.

प्रतिसाद ३

वेब्लीवाल्यांनाही (ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्वर बाळगणाऱ्यांनाही) हाच ताप. मार्क सिक्सच्या सिलिंडरची मागची बाजू घासून त्यात .४५ एसीपी बसेल असं केलेले कितीतरी नग इथे फिरतायत. बसतं म्हणून लोक कारखान्याची काडतुसं घालतात आणि १९१५ सालच्या रचनेला नको तितका दाब देतात. माझ्याकडे आहे तसं एक. मी फक्त हलकी, घरी भरलेली काडतुसं वापरतो. काडतूस आत बसतंय एवढ्यावर कधीच जाऊ नका. नळीवर काय लिहिलंय ते वाचायचं आणि एखादा शब्द कमी असेल तर तोही वाचायचा.

प्रतिसाद ४

ताई, मी सैन्यातून निवृत्त, पुण्यात असतो. तुम्ही वर्णन केलेलं होल्स्टर १९३७ पॅटर्नच्या वेबिंगचं वाटतं. त्या काळी आपल्या पलटणींत एन्फील्ड नंबर दोन, वेब्ली मार्क फोर आणि हे अमेरिकन स्मिथ, तिन्ही .३८ ची रिव्हॉल्वर होती. फोटोवरून यातलं नेमकं कोणतं ते सांगता येणार नाही. पण तिन्हींना काडतूस एकच लागायचं, आणि ते म्हणजे वर दादांनी सांगितलेलं आखूडच. आधी २०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी होती, शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई करणाऱ्या हेग कराराच्या शंकेमुळे नंतर १७८ ग्रेनची, धातूच्या कवचाची आली. तेव्हा आजोबांच्या होल्स्टरमध्ये या तिघांतलं काहीही असो, तुम्ही आता जी पेटी आणाल ती त्यात चालली असती.

आजोबांना माझा सलाम सांगा असं म्हणणार होतो. फोटोसमोर सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गेले नाही, दोन आठवडे थांबले. आता काय काय झालं ते सांगते.

पायरी मोजली. ०.७७ च्या आसपास भरते, ठशाशी जुळलं. चारही नंबर जुळतात. उजवी फळी काढली तेव्हा हात थरथरत होते, आतल्या बाजूला नंबर लाकडात खोल ठोकलेला आहे. गनस्मिथने बाजूचं झाकण उघडलं, आत मेणासारखं तपकिरी ग्रीस गच्च बसलेलं. नवा अडसर आत नाही. त्याने सगळं धुऊन काढलं, जुना अडसर आता मोकळा हलतो, तरी पाचच भरायची हा नियम मी कायमचा केलाय. सिलिंडर आणि नळीतली फट, प्रत्येक घराचं लॉक होणं, सगळं ठाकठीक निघालं.

.३८ एस अँड डब्ल्यूची १४६ ग्रेनची ५० ची पेटी आणली. काडतूस हातात घेतलं की एवढंसंच, बुटकं, गोल टोकाचं. बार हलका, मूठ हातात उसळत नाही, दाबल्यासारखी मागे येते. दांड्याच्या एका ठोक्याला पाचही पुंगळ्या खाली. सरळ, एकही फुगलेली नाही. चष्मा स्वच्छ. आणि पंधरा यार्डांवर पाच गोळ्या बशीत, फक्त बशी जिथे नेम धरला त्याच्या दोन-अडीच इंच खाली.

त्याचं कारणही कळलं. माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची पाती) २०० ग्रेनच्या जड गोळीच्या हिशेबाने केलेली आहे, हलकी गोळी खाली लागणारच. माशी घासून नेम वर आणता येतो, पण आठ दशकं टिकलेल्या माशीला मी कानस लावणार नाही.

पुण्याच्या निवृत्त दादांना सांगते, तुमचा निरोप पोचवला. आईला व्हिडिओ कॉल केला, तिने साताऱ्यात फोन फोटोसमोर धरला आणि मी तुमचं वाक्य वाचून दाखवलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, एक पुंगळी येताना घेऊन ये. तिला समजावलं की तसलं काही विमानातून आणायचं नसतं. तिच्यासाठी फक्त फोटो पाठवलाय: एक आखूड पुंगळी, शेजारी लॅनयार्डची कडी.

आता पुढचा प्रश्न, याच धाग्यात विचारते. २०० ग्रेनच्या शिशाच्या गोळ्या ओतून .३८ एस अँड डब्ल्यूमध्ये कुणी भरल्या आहेत का? साचा कोणता वापरला, गोळी ०.३६१ ची नीट येते का, आणि शिसं किती मऊ ठेवलंत? मी आजवर कधीच काडतुसं भरलेली नाहीत. दाबाची मर्यादा लक्षात ठेवून, अगदी पहिल्या पायरीपासून सांगितलंत तर बरं होईल.