चर्चा : पाळीव मांजराला फळे खाऊ म्हणून द्यावीत का?

मार्जारमित्र (धरमपेठ)

नागपुरात मार्च उजाडला की रस्तोरस्ती टरबुजांचे ढीग लागतात, आणि त्याच सुमारास मांजर पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून येतो : आपण खातो त्यातली एखादी फोड मांजराला दिली तर काय बिघडते? बहुतेक वेळा लगेच काही बिघडत नाही, आणि नेमकी म्हणूनच ही सवय घरात रुजते. तरीही फळ हा मांजराचा खाऊ नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांजर हा अनिवार्य मांसाहारी प्राणी आहे, म्हणजे प्राणिज अन्नावाचून त्याचे भागत नाही. आपण फळे खातो ती क जीवनसत्त्वासाठी आणि गोडीसाठी. क जीवनसत्त्व मांजराच्या यकृतात आपोआप तयार होते. आंबा-पपईतील ज्या पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते, त्याचा मांजराला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. त्याला हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते. राहिली गोडी. जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) एक भाग घडवणारे जनुकच मांजरात निकामी असल्याचे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. वाघ आणि चित्ता यांच्यातही त्यांना तोच बदल आढळला. म्हणजे ज्या आनंदाच्या कल्पनेने आपण ती फोड पुढे करतो, तो आनंद पूर्णपणे आपला असतो. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी कारणांसह लिहावे, अशी विनंती आहे.

उन्हाळवारा (गिट्टीखदान)

आपली माहिती मान्य आहे, परंतु निष्कर्ष पटत नाही. मे महिन्यात आपल्या शहराचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले असल्यामुळे त्याला तहान मुळातच कमी लागते, आणि भक्ष्याच्या मांसातून मिळणाऱ्या पाण्यावर त्याचे बरेचसे भागते. आज घरोघरी दिल्या जाणाऱ्या कोरड्या खाद्यात मात्र पाण्याचे प्रमाण जेमतेम दहा टक्के असते. अशा मांजराने बिया काढलेल्या, सालीविना टरबुजाचे दोन बारीक तुकडे चाटून खाल्ले, तर त्यात धोका कोणता? टरबुजात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि शंभर ग्रॅममध्ये सुमारे तीस कॅलरी असतात. खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे पशुवैद्य सांगतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात. दहा ग्रॅम टरबुजातून तीनच मिळतात.

शिवाय काही मांजरे खरबुजाच्या वासाने स्वतःहून धावत येतात, हा अनुभव अनेकांचा आहे. त्यांना गोडी कळत नसेल, पण वास आणि ओलावा तर कळतो. दिवसभर बंद घरात राहणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यात एवढे कुतूहलही मोलाचे आहे.

मार्जारमित्र (धरमपेठ)

पाण्याचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याचाच हिशेब मांडतो. चार किलोच्या मांजराला अन्न आणि पेय मिळून दिवसाला ढोबळमानाने दोनशे मिलिलिटर पाणी लागते. आपण सांगितलेल्या दहा ग्रॅम टरबुजातून फार तर नऊ मिलिलिटर मिळेल. तेवढे पाणी त्याच्या नेहमीच्या खाद्यात दोन चमचे घातले तरी मिळते, आणि ओले खाद्य दिले तर कितीतरी अधिक, कारण त्यात पाऊण हिस्सा पाणीच असते. उन्हाळ्यात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाची भांडी ठेवावीत, कूलरच्या वाऱ्याजवळ त्याला बसायला जागा करून द्यावी. उष्म्यावरचा उपाय म्हणून फळ देणे मला अपुरे वाटते, आणि उपाय केल्याचे समाधान मिळाल्यामुळे खरा उपाय राहून जातो.

संत्रानगरी (महाल)

दोघेही टरबुजाबद्दल लिहीत आहात, पण सगळी फळे एका मापाने मोजता येत नाहीत, आणि नागपूरकरांनी पहिली काळजी संत्र्याची घ्यायला हवी. आंबिया बहाराचा माल बाजारात आला की घरात टोपल्या येतात आणि साली गच्चीवर वाळत पडतात. संत्र्याच्या सालीतील तेलात लिमोनीनसारखी द्रव्ये असतात. अनेक औषधी व सुगंधी रसायने निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची जी प्रक्रिया आपल्या यकृतात सहज होते, तिचा एक महत्त्वाचा भाग मांजरात फार दुबळा असतो. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतते ती याच कारणाने. म्हणून अशा तेलांबाबत पशुवैद्य अतिशय सावध असतात. बहुतेक मांजरे संत्र्याच्या वासानेच दूर जातात, पण सालीचे तेल अंगावर सांडले किंवा तसला अर्क असलेल्या द्रवाने फरशी पुसली, तर ते अंग चाटताना पोटात जाते. कुंड्यांपासून मांजर दूर राहावे म्हणून साली पसरणे एक वेळ समजू शकते. मांजराच्या अंगावर पिसवांसाठी सालीचा अर्क चोळणे मात्र मुळीच करू नये.

द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. २०२१ पासून त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा पशुवैद्यांचा कयास आहे. मांजरांबाबतचा पुरावा तुटपुंजा असला तरी कोणताही जाणता पशुवैद्य ती देऊ नका असेच सांगेल. आपल्या स्वयंपाकघरातील चिंचेतही तेच आम्ल भरपूर असते, हे लक्षात ठेवावे. सीताफळाच्या बिया विषारी असतात, सफरचंदाच्या बियांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते, आणि आंब्याची कोय चाटायला दिली तर तिचे तंतू गिळले जाण्याची भीती असते.

तुळशीवृंदावन (प्रतापनगर)

आमच्या घरात मांसाहार होत नाही, आणि असे असूनही मांजर पाळणारी कुटुंबे या शहरात पुष्कळ आहेत. आम्ही मांजराला चांगले तयार खाद्य देतो, त्यात हयगय नाही. परंतु ते खाद्य पाकिटातून येते; आमच्या ताटातले, आमच्या हातचे असे त्याला देण्याजोगे काय उरते? मसाल्याची भाजी देता येत नाही, दूध पचत नाही असे आता सगळेच सांगतात. पपईचा किंवा केळ्याचा नखाएवढा तुकडा तेवढा उरतो. घरातल्या जिवाला सोडून आपण एकट्याने खाऊ नये, असे आमच्या आजीने शिकवले आहे, आणि जेवताना तो समोर येऊन बसला असता त्याला काहीच न देणे आम्हाला जड जाते. ही भावना अज्ञानातून येते, असे कृपया कोणी म्हणू नये.

मार्जारमित्र (धरमपेठ)

अज्ञान असे मी मुळीच म्हणणार नाही. आपण योग्य खाद्य देता, हे वाचून फार बरे वाटले, कारण माझी खरी चिंता ज्या घरांविषयी आहे तिथे नेमके तेच होत नाही. दूध-पोळी, वरण-भात आणि वर केळ्याचा तुकडा, यावर मांजर वाढवणारी घरे मी आजही पाहतो. मांजर दिसायला गुटगुटीत असते आणि म्हणून कोणाला शंका येत नाही. टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळपास नसते. त्याच्या अभावी मांजराचा दृष्टिपटल झिजतो हे १९७५ मध्ये सिद्ध झाले, आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगते हे १९८७ मध्ये. त्यानंतर खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा हृदयविकार पुष्कळ कमी झाला. हृदयाचा विकार वेळीच कळला तर टॉरिन देऊन बहुधा सुधारतो. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. फळाने हे होते असे मी म्हणत नाही. पण फळ, भात आणि दूध मिळून पोट भरते, आणि मांसाची जागा अडते.

आपल्या प्रश्नाबद्दल : त्याच तयार खाद्यातील चार दाणे बाजूला काढून जेवणाच्या वेळी आपल्या हाताने द्यावेत. मांजराला हातचे मिळाल्याचे सुख त्यात पुरेपूर मिळते.

संत्रानगरी (महाल)

केळ्याचा उल्लेख झाला म्हणून थोडक्यात भर घालते. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे बारा ग्रॅम साखर आणि साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. मधुमेही, लठ्ठ किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला ते पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि वयस्कर मांजरांत मूत्रपिंडाचा आजार फार आढळतो.

उन्हाळवारा (गिट्टीखदान)

मी माझ्या मतावर कायम आहे, मात्र ते नेमके करून मांडतो. निरोगी, प्रौढ, पोटभर मांसाधारित खाद्य मिळणाऱ्या मांजराने स्वतःहून मागितले, तर टरबूज किंवा खरबुजाचा बियांविना, सालीविना बोटाच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून एखाद्या वेळी द्यायला मी हरकत मानत नाही. उलटी किंवा जुलाब झाले तर पुन्हा देऊ नये. पाण्यासाठी दोन चमच्यांचा उपाय मी आजपासूनच करेन, पण कुतूहलाचा मुद्दा आपण खोडलेला नाही.

मार्जारमित्र (धरमपेठ)

कुतूहलासाठी खेळणे, कागदी खोका, खिडकीतली जागा असे पुष्कळ काही देता येते, म्हणून मी फोड देणार नाही. आपण सांगितलेल्या अटी पाळून कोणी दिली तर त्याला क्रूर मात्र म्हणणार नाही. पिल्लांना यातले काहीही देऊ नये, याबाबत तरी आपले एकमत असावे. आणि चुकून द्राक्ष, मनुका किंवा सीताफळाची बी गिळली गेली, तर घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. काय आणि किती खाल्ले ते लिहून घेऊन तत्काळ जवळचा पशुवैद्य गाठावा.