न्यू यॉर्कचं टेनेमेंट म्युझियम आईला दाखवावं का?

कोथरूडचा_वाटसरू:
ऑक्टोबरात मुलीकडे न्यू जर्सीला चाललोय. सोबत आई, वय ७६, गुडघे बेताचेच. मुलगी म्हणते, ऑर्चर्ड स्ट्रीटवरचं टेनेमेंट म्युझियम बघाच. टेनेमेंट म्हणजे भाडेकरूंची जुनी इमारत, आपल्या चाळीसारखी. आईनं नारायण पेठेत दोन खोल्यांत तीस वर्षं काढली. ती म्हणते, “दुसऱ्याची बिऱ्हाडं बघायला तिकीट कशाला?” कोणी गेलंय का?

पेठेतली_माई:
जरूर न्या. मी सासूबाईंना नेलं होतं, त्याही अशाच कुरकुरत आल्या होत्या. आपलं आपण आत हिंडता येत नाही, गाईडबरोबरच फिरावं लागतं, साधारण तासभर. एका टूरमध्ये मोजकीच घरं दाखवतात, तेव्हा बघून निवडा.

म्युझियमची ९७ नंबरची इमारत १८६३ची, एका जर्मन शिंप्यानं बांधलेली. १९३५पर्यंत वीसेक देशांतून आलेली सुमारे ७,००० माणसं तिथे राहून गेली. मजल्यावर चार बिऱ्हाडं, प्रत्येकी तीन खोल्या, मिळून जेमतेम सव्वातीनशे चौरस फूट. (आमच्या वाड्यातल्या जागेपेक्षा मला ऐसपैसच वाटलं!) पण बाहेरचा उजेड फक्त पुढच्या खोलीला. तो मागे झिरपावा म्हणून मधल्या भिंतीला घरातल्या घरातच खिडकी पाडलीय. सासूबाई तिच्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे झरोका तरी होता.”

आम्ही सिसिलीहून आलेल्या बाल्डिझींचं घर पाहिलं, १९३०नंतरच्या मंदीतलं. वडील सुतार, पण हाताला काम नाही. स्वयंपाकघरातच कपडे धुवायचं टाकं, पोरांच्या अंघोळी त्यातच. “अगंबाई, ही तर मोरी!” सासूबाई एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या की गाईड बोलायची थांबली. आता मोरीला इंग्रजीत काय म्हणायचं? मला अजून सुचलेलं नाही.

संडास आधी मागच्या अंगणात होते, १९०५च्या सुमारास मजल्यांवर आले, दोन बिऱ्हाडांत एक. बाकीचे पाहुणे हळहळले. सासूबाई म्हणाल्या, “दोघांत एक? मग रांग कसली लागतेय!”

१९३५ साली नव्या नियमांप्रमाणे दुरुस्तीचा खर्च नको म्हणून मालकानं भाडेकरू काढले, खालची दुकानं तेवढी ठेवली. पेठेतल्या माणसाला हे समजावून सांगायला गाईड लागत नाही. वरचे मजले पन्नासेक वर्षं तसेच बंद होते, म्हणून तर १९८८मध्ये म्युझियम काढणाऱ्यांच्या हाती ते जसेच्या तसे लागले.

गुडघ्यांचं म्हणाल तर ९७ला लिफ्ट नाही, जिना उभा आणि अंधारा. जवळच्या १०३ नंबरमध्ये लिफ्ट आहे. तिथली घरं १९५०नंतरची: पोलंडचं ज्यू कुटुंब, पोर्तो रिकोचं आणि एक चिनी, ज्यातली आई कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जायची. आईंना तेच दाखवा.

रविवारचा_चहा:
पुण्यात का नाही असं काही? केळकर म्युझियम आहे, विश्रामबागवाडा आहे…

पेठेतली_माई:
केळकरांकडचे दिवे आणि अडकित्ते मला फार आवडतात. पण विश्रामबाग दुसऱ्या बाजीरावाचा. वीस रुपये भाड्याची, भिंतीला स्टोव्हची काजळी धरलेली खोली मला पुण्यात कोणी जपलेली दिसली नाही. आमचा वाडा पाडला तेव्हा दारावरची बिऱ्हाडकरूंच्या नावांची पाटीसुद्धा कोणी काढून घेतली नाही. मीही नाही.

कोथरूडचा_वाटसरू:
१०३ नंबरचं बुक केलं, आभार. आईला मोरीचं वाचून दाखवलं. तिनं विचारलंय, त्यांच्या मोरीला कठडा होता का, की पाणी सगळ्या घरभर?