मदत हवी आहे : अंगणात फुलपाखरं येतात, पण थांबत नाहीत (जळगाव)

अंगणातली_जाई :
घरामागे १२ बाय २० फुटांची मोकळी जागा आहे. काळी माती, दुपारनंतर पश्चिमेचं कडक ऊन. गुलाब, हजारी झेंडू, जास्वंद लावलंय. फुलपाखरं एक गिरकी मारून निघून जातात. नर्सरीतून आणलेलं कागदी लिंबाचं दोन फुटी रोप कुंडीत आहे, त्याची कोवळी पानं अळ्या खाताहेत. निंबोळी अर्क मारू का? आणि एप्रिल-मेमध्ये हे सगळं टिकवायचं कसं?

तापीकाठ :
ताई, अर्क अजिबात मारू नका. त्या अळ्या म्हणजेच तुमची फुलपाखरं. लहानपणी काळपट-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी झाल्यावर हिरवीगार, अशी अळी असेल तर ती लिंबू फुलपाखराची. काडीने हलकेच टोचा, डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. निंबोळीने तिचं खाणं आणि कात टाकणं दोन्ही बंद पडतं.

मात्र दोन फुटी रोपावर दोन-तीनच अळ्या ठेवा, जास्त असतील तर रोप बोडकं होऊन सगळ्याच उपाशी मरतील. उरलेल्या शेजारच्या मोठ्या लिंबावर हलवा. हाताने ओढू नका. कात टाकताना अळी रेशमाच्या गादीला पाय रोवून बसते, ओढली की जखमी होते. पानासकट कापून नव्या डहाळीला पान टाचा.

पानात चंदेरी नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी, फुलपाखराची नव्हे. तेवढी पानं तोडून टाका.

अळ्या काळ्या पडून गळत असतील तर नर्सरीतल्या आंतरप्रवाही कीटकनाशकाचा संशय घ्या. ते झाडाच्या रसात असतं, पानं धुऊन जात नाही. जुनी पालवी छाटा आणि नवी दोनदा फुटू द्या.

बांधावरचा :
थांबत नाहीत याचं कारण फुलंच. हजारी झेंडू आणि भरगच्च गुलाबात पाकळ्यांच्या गर्दीत सोंडेला मध सापडत नाही. एकेरी झेंडू, पेंटास, एक्झोरा लावा. एकाच जातीची चार-पाच रोपं शेजारी-शेजारी हवीत, विखुरलेली नकोत. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात, तरी ती टाळा. पक्षी बी पसरवतात आणि मग ती आवरत नाही. कोपऱ्यातली एकदांडी उपटू नका, छोट्या फुलपाखरांचं पोट त्यावरच चालतं.

फुलांहून महत्त्वाची अंडी घालायची झाडं. कढीपत्ता, पानफुटी, एरंड आणि कुंपणाला रुई. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, काळ्या तंतूंची अळी दिसली की ती प्लेन टायगर फुलपाखराची. रुईच्या चिकाने ती कडू होते, म्हणून पक्षी सहसा टाळतात. रुई कुंडीत नको, तिचं मूळ खोल जातं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलं असतील तर आधी विचार करा. पिवळा मावा आला तर पाण्याच्या धारेने धुवा, पण आधी पानाखाली अळी नाही ना, ते बघा.

अंगणातली_जाई :
मनापासून आभार. उन्हाळ्याचं सांगा ना, इथे पारा ४५च्या पुढे जातो.

तापीकाठ :
लागवड मृगात करा, मार्चपर्यंत मुळं धरतात. काळी माती उन्हात भेगाळते आणि मुळं तुटतात, म्हणून खड्ड्यात दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं वाळू असं मिसळा. वर चार बोटं पालापाचोळा. पश्चिमेला मार्च ते जून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, पण झाडांवर टेकवू नका, फूटभर वर ताणा. पाणी पहाटे.

पसरट परातीत ओली माती आणि चिमूटभर मीठ टाकून सावली-उन्हाच्या सीमेवर ठेवा, नर फुलपाखरं क्षार शोषायला उतरतात. बुलबुल-शिंजीरांसाठी वेगळं मातीचं भांडं, दोन इंच खोल, मध्ये दगड. त्यातलं पाणी रोज बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.